अक्कासाठी घेतलेला माईक

११ डिसेंबर, बुधवार. काम एकच: माईक आणणे. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नांदेडमधल्या वाद्यांच्या दुकानात गेले. लातूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सोमवारी ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी तिची शिवभजनं रेकॉर्ड करायची होती. मोबाईलवर करून पाहिलं होतं. तिच्या घरामागे डाळ मिल आहे आणि मोबाईलनं भजनापेक्षा डाळ मिलच जास्त ऐकली होती.

दुकानदारानं आधी कंडेन्सर माईक पुढे केला.

"मॅडम, एकदम काच. श्वाससुद्धा येतो यात. यूट्यूबवाले सगळे हाच नेतेत."

मी त्याला म्हटलं, पंखा लावा, दार उघडं ठेवा आणि याच्यावर माझा आवाज घ्या. मी पाढा म्हणून दाखवला. ऐकलं तर माझा पाढा होता, पंखा होता, रस्त्यावरचा ऑटो होता आणि मागे ढोलकीचा भाव करणारं गिऱ्हाईकही होतं.

"आता तो दुसरा, डायनॅमिक माईक लावा."

त्यात फक्त पाढा आला. थोडा जाडसर, पण स्वच्छ.

"हा समोरचंच ऐकतो, मॅडम," तो म्हणाला. "पाठीमागचं त्याला कळतच न्हाई. पर तोंडाच्या जवळ पायजे, चार बोटांवर. लांब बसलं की खलास."

डायनॅमिकमध्येही दोन प्रकार निघाले. गाण्यासाठी गोल जाळीचा, वाद्यासाठी चपट्या तोंडाचा. अक्का स्वतः पेटी वाजवत गाते, म्हणून मी दोन्ही हाताळून बघितले. एकच घ्यायचा तर गोल जाळीचा घ्या, तो पेटीलाही चालतो, पण चपटा आवाजाला चालेलच असं नाही, असं त्यानं सांगितलं. ते मला पटलं. माईक थेट लॅपटॉपला लागत नाही, मधे एक छोटा डबा लागतो, तोही घेतला. स्टँड घेतला.

"कुणासाठी नेऊन राह्यले, मॅडम?"

"बहिणीसाठी."

पुढचं सांगितलं नाही. सांगून त्या माणसानं काय करायचं होतं?

शनिवारी पहाटेच्या एसटीनं अहमदपूरवरून लातूरला गेले. तीन-साडेतीन तास खिडकीशी बसून मी श्रावणातला एक सोमवार आठवत होते. त्या दिवशी मी लातूरलाच होते, देवळात बसून अक्काचं भजन ऐकलं होतं. तिचा आवाज तेव्हाच बसलेला होता. पण आमच्या भजनात गाणारीचा आवाज कमी पडला की पेटी भरून घेते. अक्का चाळीस वर्षं पेटी वाजवतेय, तिचा हात आपोआप तिथं जातो. शिवाय स्पीकरवाल्यानं तिचा आवाज वाढवून वर घुमारा चढवला होता. भजनी मंडळातल्या बायका तिला ज्येष्ठमध देत होत्या. मी विज्ञान शिकवते. मी तिला काय म्हटलं? "अक्का, आज पेटी छान लागली." तीन महिने असंच चाललं. तिचा आवाज खाली जात राहिला, पेटी वर येत राहिली, आणि डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढे दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही?"

घरी पोचले तर अक्का ओट्याशी उभी होती. आवाज म्हणजे कागद घासल्यासारखा.

"आली का मास्तरीण? पिशवीत काय आणलीस एवढं?"

"माईक."

"माईक? आता? मेलेल्या म्हशीला दावं कशाला बांधायलीस गं?"

"म्हैस अजून बोलतीय. बस पेटीपाशी."

"सोमवारीच कापायचं सुचलं बग त्यांना. सोमवार माझा भजनाचा." ती हसायला गेली आणि खोकली.

दुपारी दोनला बसलो. मिल चालू होती. माईक तिच्या तोंडापासून चार बोटांवर लावला. तिनं पेटी पुढे ओढली, भाता मारला आणि पहिल्या ओळीपासूनच पेटी इतकी भरून वाजवली की ऐकताना मला पेटीच ऐकू आली. मागे कुठंतरी ती होती.

"अक्का, पेटी हळू."

"हळू केलं तर काय उरतंय?"

"तेच पायजे मला."

"हे? हे पायजे तुला?" तिनं घशाकडे बोट दाखवलं. "असलं घाण ठेवून काय करणार हाईस? लोकांनी ऐकावं, का ही बया असं रेकायची म्हणून?"

मी म्हटलं, "लोकांसाठी न्हाई. पेटी तू सोमवारनंतरही वाजवशील. ती घ्यायला मी नांदेडहून कशाला येऊ?"

तिनं पेटी उजव्या बाजूला सरकवली, एकच सूर धरून ठेवला आणि गायली. आवाज फाटका होता, मधे मधे हवाच यायची. पण सूर जागेवर होता. अर्धी ओळ झाली आणि ती थांबली. मला वाटलं दम लागला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अर्ध्यावर थांबली.

"पुढं म्हण की."

"पुढं त्या म्हणतेत."

तेव्हा लक्षात आलं. भजनात पुढची बाई अर्धी ओळ टाकते आणि उरलेली अर्धी मागच्या झेलतात. अक्का लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून पुढं बसली. शब्द तिला सगळे पाठ, पण मागची अर्धी ओळ तिच्या गळ्यातून कधी गेलीच नव्हती. म्हणून पाहिली तर चाल सापडेना. मंडळातल्या बायकांना बोलवू म्हटलं तर दोन्ही हात हलवून नको म्हणाली. त्यांच्यासमोर तिला हा आवाज काढायचा नव्हता.

मग मी उठले आणि माईकच्या पलीकडे, त्याच्या पाठीशी जाऊन बसले. पाठीमागचं त्याला कळत नाही, हे मी दुकानात स्वतः तपासलं होतं. अक्कानं अर्धी ओळ टाकली, उरलेली मी म्हटली. मला गाता येत नाही. शाळेत राष्ट्रगीतही मी हळूच म्हणते.

अक्कानं पेटीवरचा हात उचलला. "देवा! मिल बरी ग तुझ्यापरिस."

"माझं त्यात येत न्हाई. तू गा."

"खरंच येत न्हाई?"

"न्हाई."

"मग चांगलंय." आणि तिनं पुढची ओळ टाकली.

अशी चार भजनं झाली. मधे पाणी, मधे विश्रांती. चौथ्याला शेवटच्या ओळीवर आवाज नुसता श्वास झाला. तिनं हातानं खूण केली, उद्या. तिनं ठरवलेली सात होती. तीन सकाळी घेऊ, सकाळी घसा बरा असतो, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी मी लॅपटॉपवर ऐकलं. मिल नव्हती. मी अगदीच नव्हते असं नाही, पण लांब, शेजारच्या घरात कुणीतरी काही पुटपुटतंय एवढीच. अक्का मात्र जवळ होती, फार जवळ. एवढ्या जवळून मी तिला श्रावणात ऐकलं असतं तर, हे मनात आलं. ते तिथंच ठेवलं आणि भाकरी करायला उठले. अक्काला ऐकतेस का विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

रविवारी सकाळी तिनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, पेटी समोर घेतली. मी माईकच्या मागे बसले. तिनं सूर धरला, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा धरला. जाळीवर नुसती वाफ जमली. तिसऱ्यांदा तिचा हात आपोआप पट्ट्यांवर पसरला, पेटी भरून घ्यायला लागला. मग तिनं स्वतःच भाता दाबून बंद केला.

"झालं," असं तिनं ओठांनी म्हटलं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. चारही भजनं दोन पेनड्राइव्हवर उतरवली, एक तिच्या कपाटात ठेवला, एक माझ्या पर्समध्ये. दहा वाजता भरती व्हायचं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणि निळ्या शाईची तीन पेनं आणली आणि दवाखान्याच्या पिशवीत, टॉवेलच्या वर, चटकन हाताला येतील अशी ठेवली.