अँटेनाची रंगीत तालीम

अल्लाबक्ष मिस्त्रींना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ कचरते. बुधवार पेठेतल्या एका इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि तिच्याच जिन्याखाली त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. वर्षानुवर्षं आमची ओळख राहिली ती जिन्यातली. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही ते गेल्यानंतर. त्यांना खायला काय आवडायचं, ते कशावर रागवायचे, मला काहीही सांगता येणार नाही. तरी त्यांचा मुलगा रियाज म्हणाला, "काका, अब्बांविषयी काहीतरी लिहून द्या." मला लिहिण्याची सवय नाही. पण एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. तेवढीच सांगतो.

मुंबईत टीव्ही नुकता सुरू झाला होता, पुण्यात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. मोठे लाकडी रेडिओ मागे पडत चालले होते. लोकांच्या हातात छोटे ट्रान्झिस्टर आले होते, आणि मिस्त्रींच्या फळीवर दुरुस्तीला आलेल्या रेडिओंपेक्षा न्यायला कुणी न आलेले रेडिओच जास्त दिसत. आमचे घरमालक आप्पासाहेब सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. मूळचे वारज्याचे, तिकडे शेती राखून असलेले, पण शहरात राहून पुणेरी बोलणं पुरतं शिकलेले. एक दिवस त्यांनी मिस्त्रींना जागा सोडायला सांगितली. शिलाई मशिनवाला जागा मागतोय, तुमचं काम तर संपतच आलंय, असं त्यांचं म्हणणं.

मी पोस्टातून परतत होतो. दोघं जिन्यातच उभे असल्यानं मला वर जाता येईना.

"पुण्यात टीव्ही येईपर्यंत थांबा," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या दिवशी तुमच्या घरात चित्र दाखवीन. नाही दिसलं, तर दुसऱ्या दिवशी किल्ली तुमच्या हातात."

"टीव्ही काय दख्खनच्या राणीनं येणार आहे? तुम्ही स्टेशनवर घ्यायला जाणार?"

"ते तुम्ही माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त सेट घ्या."

आप्पासाहेबांना सेट घ्यायचाच होता. ते हो म्हणाले.

मिस्त्रींना काळजी नव्हती असं नाही. त्यांनीच एकदा मला सांगितलं होतं की त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. स्टीलची भांडी आली, तरी वडील रोज भट्टी पेटवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे. काय येतंय ते त्यांना दिसत होतं, पण त्यावर काही करायचं असतं हे सुचलं नाही. "मला रात्री झोप येत नाही ना, की मी उठून उद्याचं एक काम ठरवतो," मिस्त्री म्हणाले होते. "मग येते." मीही काळजी करणाऱ्यांतलाच, पण माझं काम काळजीपाशीच संपायचं, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

दर रविवारी ते भायखळ्याला जाऊ लागले. तिथं त्यांचे साडू अकबर टीव्हीच्या अँटेना बसवायचे. मिस्त्री त्यांच्याबरोबर गच्च्यांवर चढायचे, नळ्या धरायचे, तारा ओढायचे. एकदा परतताना त्यांनी एक बंद पडलेला सेट आणला आणि तो दुकानात इतक्या वेळा उघडला आणि पुन्हा जोडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. मग जुन्या बाजारातून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या आणि आमच्या गच्चीवर अँटेना उभी केली. पुण्यात टीव्हीचा अजून पत्ता नव्हता.

आप्पासाहेब गच्चीवर येऊन बघून गेले. "कावळ्यांची चांगली सोय केलीत, मिस्त्री. भाडं कावळ्यांकडून घेऊ ना?"

अँटेनाचं तोंड मुंबईकडे होतं. पुढे पेपरात आलं की पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा होणार आणि चित्र तिथून येणार. इमारतीत हसाहस झाली. आता तोंड फिरवायला अख्खी काठी उपटा, असं कुणीतरी म्हणालं. मिस्त्री गच्चीवर गेले, एक नट सैल केला आणि नळी हातानं सिंहगडाकडे वळवली.

"उद्या काय कुठून येईल, मला कुठं माहीत?" ते मला म्हणाले. "म्हणून फिरती ठेवली."

एवढंच नव्हतं. नळीच्या आत आणखी एक नळी सरकवून ठेवली होती. वायर लागते त्याहून लांब घेतली होती आणि जास्तीचं वेटोळं आप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात खिळ्याला टांगलं होतं. आप्पासाहेबांच्या पत्नी प्रेमलाबाई त्या वेटोळ्यावर फार नाराज होत्या. पाहुणे विचारतात हे काय, मी काय सांगू, असं त्या म्हणायच्या. मिस्त्री म्हणायचे, थोडे दिवस राहू द्या वहिनी.

आणि मग त्यांनी तालीम काढली. चित्र बघणारा खोलीत, नळी फिरवणारा गच्चीवर, तेव्हा मध्ये निरोप देणारा हवा. खोलीत त्यांच्या पत्नी जैनबभाभी बसणार, आणि जिन्याच्या खिडकीशी, दोघांना ऐकू जाईल असा, मी. मला दुकानात सुट्टे मागतानाही आवाज फुटत नाही. मी तसं सांगितलंसुद्धा. "म्हणूनच तालीम, श्रीधरपंत," ते म्हणाले.

सेट अजून आला नव्हता. जैनबभाभी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणायच्या, "मुंग्या." मी खिडकीतून ओरडायचो, "मुंग्या!" वरून मिस्त्री विचारायचे, "आता?" भाभी म्हणायच्या, "दोन दोन दिसताहेत." मी तेच ओरडायचो. मुंग्या म्हणजे नुसते पांढरे ठिपके, दोन दोन म्हणजे चित्राला सावली, हे सगळं त्यांनी आम्हाला भायखळ्याच्या अनुभवावरून शिकवलं होतं. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत यायचे. चवथ्या तालमीला माझा आवाज दगडूशेठच्या देवळापर्यंत पोचला असेल. मला मजा येऊ लागली होती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

अखेर सेट आला आणि ती संध्याकाळही आली. आप्पासाहेबांच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, सगळी इमारत गोळा झाली होती, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. आप्पासाहेब कोट घालून बसले होते. मी खिडकीशी उभा राहिलो. जैनबभाभी सेटसमोर. वेळ झाली, बटण दाबलं.

"मुंग्या," भाभी म्हणाल्या.

"मुंग्या!" मी ओरडलो.

वर नळी फिरल्याचा करकर आवाज आला. "आता?"

"मुंग्याच!"

पुन्हा करकर. पुन्हा मुंग्या. सतरंजीवरची कुजबुज वाढली. आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्रींनी वारूळ छान दाखवलं." लोक हसले. जैनबभाभी हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की उद्याच्या किल्लीचा विचार त्या खोलीत त्या एकट्याच करताहेत. माझ्या तोंडून, कुणी न सांगता, निघून गेलं, "मिस्त्री, समोर काही आडवं येतंय का बघा!"

वर पावलं गच्चीच्या कडेपर्यंत गेली. मग मिस्त्रींचा आवाज आला, "टाकी!"

त्याच आठवड्यात आप्पासाहेबांनी गच्चीवर पाण्याची नवी लोखंडी टाकी बसवून घेतली होती. ती अँटेना आणि सिंहगड यांच्या बरोबर मध्ये होती. प्रक्षेपण नसताना ती आड येते की नाही, कळणार कसं?

"श्रीधरपंत, वहिनींना वेटोळं सोडायला सांगा!"

"वेटोळं सोडा!" मी ओरडलो. प्रेमलाबाई उठल्या, त्यांनी खिळ्यावरून वेटोळं काढलं आणि मोकळं करत खिडकीपाशी माझ्या हातात दिलं. मी वायर वर सोडत गेलो. वर मिस्त्री आतली नळी बाहेर ओढून अँटेना टाकीच्या वर नेत होते. वायर माझ्या हातातून सरसर जाऊ लागली.

"दोन दोन!" भाभी उभ्याच राहिल्या. "दोन दोन दिसताहेत!"

"दोन दोन!" माझा घसा फाटला. "थोडं आणखी!"

"आता?"

भाभी पडद्याकडे नुसतं बोट दाखवू लागल्या. मी खिडकी सोडून आत बघितलं. पडद्यावर साडी नेसलेली एक बाई शांतपणे मराठीत बोलत होती. तिच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसत होतं.

"आलं!" मी ओरडलो. समोरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मिस्त्री खाली आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते दारातच उभे राहून बघत होते, डोळे पाण्यानं भरलेले.

"आप्पासाहेब," ते म्हणाले, "तुमचं पाणीच आड आलं होतं."

"मिस्त्री," आप्पासाहेब मान न वळवता म्हणाले, "बसा खाली. मागच्यांना दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेब स्वतः जिन्याखाली गेले. किल्लीचा विषय त्यांनी काढला नाही. वारज्याच्या घरावरही एक काठी उभारायची आहे, एवढंच बोलले.

त्यानंतर मिस्त्रींनी आमच्या पेठेत किती गच्च्यांवर अँटेना बसवल्या, मला माहीत नाही. प्रत्येकीच्या नळीत आणखी एक नळी असायची. केबल येणार अशी नुसती कुणकुण लागली, तेव्हा ते पुन्हा रविवारी भायखळ्याला जाऊ लागले. मी मात्र तोवर निवृत्त होऊन दुसरीकडे राहायला गेलो होतो आणि आमच्या भेटी कमी झाल्या.

शेवटची भेट मंडईत झाली. मी मटार जास्त घेऊन बसलो होतो आणि माझी पिशवी भरली होती. मिस्त्रींनी खिशातून घडी घातलेली कापडी पिशवी काढली.

"घ्या. मी एक जास्तीची ठेवतो."

"परत कधी देऊ?"

"द्या हो सावकाश. घाई काय आहे?"