राजाचा बिल्ला

माझ्या नातीचं बारसं नाचणगावला, आमच्याच घरी होतं. आदल्या दिवशी आईनं देवघरातल्या डबीतून राजाचा बिल्ला काढला आणि चिंच घेऊन तो घासायला बसली. ते पाहून मी अडचणीत पडले.

बिल्ला नाण्यासारखा गोल आहे. वर दोरा ओवायला कडी, एका बाजूला इंग्रजांचा राजा आणि त्याची राणी. त्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळाशाळांतून समारंभ झाले होते. आईचे वडील तेव्हा पुलगावला शिकत होते. मुलांची फेरी निघाली, बँड वाजला, मास्तरांनी प्रत्येकाच्या सदऱ्याला बिल्ला लावला आणि हातावर पेढा ठेवला. पुढे आईचा जन्म झाला तेव्हा पाळण्याला बांधायला घरात चांदीचं काही नव्हतं, म्हणून आजोबांनी हा बिल्लाच लाल दोऱ्यात ओवून बांधला. मग तो आमच्याकडे प्रत्येक बारशाला बांधला जाऊ लागला. माझ्या पाळण्याला होता, माझ्या मुलीच्याही.

अडचण माझ्या व्याह्यांची होती. ते केळझरचे, निवृत्त शिक्षक, अंगावर कायम खादी. त्यांचे वडील कोवळ्या वयात चळवळीत तुरुंगात गेले होते. त्यांच्या बैठकीत वडिलांचा फोटो आहे आणि त्याला सुताचा हार. मुलीचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा त्याच फोटोखाली बसून आम्ही चहा घेतला होता. आता त्या घरच्या नातीच्या पाळण्याला इंग्रज राजा बांधायचा?

मी आईला म्हटलं, या वेळी राहू दे. तिनं हात थांबवला नाही.

‘काऊन? राजाले पाह्यते कोण? माह्या बापाची वस्तू आहे ते.’

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, आजीला दुखवू नकोस आणि माझ्या सासऱ्यांनाही आधी काही सांगू नकोस. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या. आईची बोटं हल्ली थरथरतात, दोऱ्याची गाठ काही बसेना. मी पुढे होणार तेवढ्यात व्याहीच खुर्चीतून उठले. द्या मावशी, मी बांधतो, म्हणत त्यांनी बिल्ला हातात घेतला. चष्मा कपाळावर सारून तो डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. पाळणा म्हणणाऱ्या बायका आपोआप थांबल्या. मी घाईघाईनं सांगू लागले की ही नुसती घरची रीत आहे, मनात काही नाही. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

‘आमच्या घरचा विहिरीत आहे,’ ते आईला म्हणाले. ‘बाबा लहान होते. शाळेतून छातीवर लावून आले, तं आजोबानं ओढून घेतला अन् फेकून देला.’

आईनं विचारलं, ‘मंग? रडलं असन लेकरू.’

‘जेवले नाईत म्हणे. पुढं जेलात जाऊन आले, तरी बिल्ल्याची गोष्ट निघाली का आजोबावर चिडत. म्हणत, राजा गेला खड्ड्यात, पण बिल्ला मायावाला होता.’

आई हसली. तेही हसले. मग त्यांनी बिल्ला पाळण्याच्या दांडीला बांधला, एकावर एक दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मोबाइलवर बाळाचा आणि बिल्ल्याचा फोटो काढून आपल्या मोठ्या बहिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

बायकांनी पाळणा पुन्हा सुरू केला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. सकाळपासून पाण्याचा घोटही धड गेला नव्हता. घुगऱ्यांचं पातेलं समोर होतं. त्यातल्या मूठभर वाटीत घेतल्या आणि उभ्या उभ्याच खाऊन टाकल्या.