शमीमताईंचं टायपिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळत नाही.

धामणगाव बढ्याला शेतकऱ्यांची एक कंपनी होती. तिची वेबसाइट मी बनवली. बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, ते साल. सापळे कधी लावायचे, कोणतं औषध कशात मिसळायचं नाही — हे रोज साइटवर जायचं. मजकूर टाइप करायच्या शमीमताई. गावात त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच काढायच्या.

अक्षरांचा फॉन्ट मी आमच्याच सर्व्हरवर ठेवला होता. त्याची फाइल तीन प्रकारांत देता येते — नवी, हलकी वॉफ-टू. तिच्या आधीची वॉफ. आणि जुनी, जड टीटीएफ. तिन्ही ठेवल्या की मोबाइल झेपेल ती उचलतो. जुन्या मोबाइलवर नवी उघडत नाही आणि अक्षरं मोडकी दिसतात, हे मला माहीत नव्हतं? होतं. तरी मी एकच ठेवली, नवी. जुनं काही ठेवायचं नाही असा तोरा — आणि खरं सांगू? कंटाळा.

शमीमताईंनी विचारलंही होतं, "भाऊ, आमच्या अब्बांच्या मोबाइलवर एकदा पाहून घ्यायचं का?" गरज नाही, म्हणालो.

मग सभा झाली. बोंडं किडलेली, लोक आधीच चिडलेले. एका शेतकऱ्यानं आपला जुना मोबाइल अध्यक्षांच्या हातात दिला. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडेच. औषधाचं नाव कुणाला वाचता येईना.

"हे काऊन असं दिसून राह्यलं?" अध्यक्षांनी मला विचारलं.

मला एका नजरेत कळलं होतं. आणि मी म्हणालो — "टायपिंगमध्ये गडबड असन."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याइची भाषा उर्दू. मराठी कशी जमन त्याइले?" सभा हसली. मीही हसलो. हो, मीही.

शमीमताई दाराशी उभ्या होत्या. "भाऊ, मजकूर तर तुम्ही पाह्यला होता ना?" मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी उरलेल्या दोन फायली चढवल्या. पंधरा मिनिटांचं काम. मजकुरातली एक मात्राही बदलली नाही — तरी दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, टायपिंग सुधारलं. शमीमताईंचं काम अध्यक्षांच्या पुतण्याला मिळालं. त्यानंतर किती सभा झाल्या! कोणत्याही सभेत बोलता आलं असतं. बोललो नाही.

दोनेक वर्षांनी शमीमताई अमडापूरच्या बाजारात भेटल्या. दुकानात आता फक्त झेरॉक्स काढतात, मराठी टायपिंग बंद केलं, म्हणाल्या. रागानं नाही, अगदी सहज.

"तो मजकूर मी कितीदा तपासला, भाऊ. कुठं चुकलं ते मले अजून सापडलं नाही. पण सगळेच म्हणत होते, तर चुकलंच असन."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."