ओंकारच्या पेशी, आर्याच्या पेशी

किस्से जपायचे नाहीत असं ठरवलं तरी ते साठतात. आमच्या मुलांच्या आजाराचंही तसंच. तो आईबापांकडून येतो, आणि पेशींत कोलेस्टेरॉल साठत राहतं, बाहेरच पडत नाही! आम्हाला अशी दोनच घरं माहीत. पेणला रामवाडीत माझी बायको नलू आणि मी. रोह्याजवळ वरसे गावात दिनेश, तिथल्याच एका कंपनीत कामाला. त्याची आर्या अजून आहे. आमचा ओंकार गेला. पण तो असतानाच दोघांच्या दंडाची चिमूटभर कातडी आम्ही मुंबईच्या एका लॅबला दिली होती. तिच्यातल्या पेशी तिथे डिशमध्ये वाढतात. त्यांच्यावर एक रसायन घालून बघतात, साठलेलं निघतं का.

शिफ्ट सुटली की दिनेश लॅबच्या मॅडमना फोन लावायचा. "आर्याच्या पेशी बऱ्या हायत ना? खाल्लं का त्यांनी?"

"हो, कालच नवं खाद्य घातलं. भराभर संपवतात."

"काय सांगता! घरातली एका घासाला तास लावते!"

एकदा मॅडम नलूला म्हणाल्या, "ओंकारच्या पेशी फार छान वाढतायत." नलूने फोन माझ्या हातात दिला. मग दिवसभर भांडी आपटत होती. संध्याकाळी म्हणाली, "माझ्याकडे असताना कधी शर्ट आखूड झाला नाही त्याला. तिच्याकडे बरा वाढतो!"

मग पेशींचा फोटो आला. त्यांच्यावर एक रंग घालतात, मग कोलेस्टेरॉल साठलेलं असेल तिथे निळं चमकतं. माझा मेहुणा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. तो मोबाईल हातात घेऊन ओरडलाच, "भावजी, काय निळा उठलाय! आपला पोरगा एक नंबर!"

मी म्हटलं, "हा औषधाआधीचा आहे. जितकी चमक, तितका आजार."

त्याने बोटांनी फोटो मोठा केला. "आजार काढून घ्या म्हणावं, आणि रंग तेवढा मला द्या."

पहिला निकाल लागला. ओंकारच्या पेशी जवळजवळ साफ. आर्याच्या होत्या तशाच. दिनेशचा फोन. आवाज तापलेला. "तुमच्याला बरं लागू पडलं! आमच्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "दिनेश, अदलाबदल करू या?"

पलीकडे कंपनीचा भोंगा वाजला. "चला, शिफ्ट हाय," म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे मात्रा वाढवून पाहिली, आणि आर्याच्याही पेशी साफ झाल्या. मॅडमनी बजावलं, "डिशमधलं झालं हे. मुलीला औषध द्यायला अजून फार अवकाश आहे." तरी दिनेश पेढे घेऊन आर्यासकट पेणला आला. मी पेढा घेतला. तो काही गोड लागला नाही. नलूने तर हातातच धरून ठेवला.

या आजारात मूल जोरात हसलं की त्याचे हातपाय एकदम गळतात, ते उभ्याचं खाली पडतं. म्हणून दिनेशच्या घरी विनोदाला बंदी. आर्या मात्र अडखळत म्हणाली, "काका, जोक... सांगा ना."

"नको गो, पडशील!" दिनेश म्हणाला.

नलू उठली. पेढा ताटलीत ठेवला, आर्याच्या मागे उभी राहिली, दोन्ही काखांत हात घातले. "सांगा तुम्ही. मी धरलंय."

मी सांगितला. आर्या खदखदून हसली आणि सगळ्या वजनानिशी नलूच्या अंगावर कोसळली. दोघी जमिनीवर बसल्या. दिनेश घाईघाईने उचलायला वाकला, तर नलूने त्याचा हात बाजूला सारला.

मला म्हणाली, "परत सांगा!"