पेजेबरोबरचा खारा बांगडा

"मीठ बंद केलंय गो यांचं, तरी बीपी उतरत नाय," दारात चपला घालता घालता आई शेजारच्या काकूंना सांगत होती.

"मग तू ओरडायचं बंद कर, आपोआप उतरेल," काकू म्हणाल्या. दोघी हसत जिन्याकडे गेल्या.

मी आत गॅसवर खारा बांगडा भाजत होते. आई कामावर लवकर निघते, म्हणून बाबांना सकाळची पेज मी वाढते. आत्या गावाहून मिठात सुकवलेले बांगडे पाठवते. त्यातला एक तुकडा रोज पेजेबरोबर. भाजी-आमटीत आई खरंच मीठ घालत नव्हती. पण आमच्या घरात मासा म्हणजे मासा आणि मीठ म्हणजे बरणीतलं. बांगडा कोणी मिठाच्या हिशोबात धरलाच नव्हता.

"जास्त धुव नको, चव जाता," बाबा म्हणायचे.

डिलाईल रोडच्या आमच्या गॅलरीतून त्या वेळी तिरकं ऊन आत येतं. बांगड्याचा धूर त्यात तरंगत राहतो, आणि एरवी गप्प असणारे बाबा बोलू लागतात. खाडी, ओहोटीला उघडे पडणारे खडक, आत्याच्या मागे चिखलातून धावणं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यांची मालवणी मला कळते, पण जिभेवर येत नाही. मी नुसती ऐकते. दिवसभरात आम्ही दोघं एकमेकांचे असतो ते तेवढ्याच वेळात.

त्या शनिवारी उठताना बाबांना चक्कर आली, म्हणून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि मान हलवली.

"मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, काका. रक्ताचा दाब वाढतो, हळूहळू रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठ होतात. पोटॅशियम त्याच्या उलट. भिंती सैल करतं, जादा मीठ लघवीतून बाहेर काढायला मदत करतं. केळं, शहाळं, पालेभाजी खा. तुमचा किडनीचा रिपोर्ट चांगला आहे, म्हणून सांगतोय."

मी बाबांच्या मनगटावरची निळी शीर बघत होते. बघता बघता तिची खाडी झाली. भरती चढत होती, काठ दगडासारखे होत चालले होते, पाण्याला पसरायला जागाच नव्हती. आणि काठावर बसून कोणीतरी मूठ मूठ मीठ सोडत होतं. हात ओळखीचा वाटला. माझाच होता.

"मीठ नक्की बंद आहे ना?" डॉक्टरांचा आवाज लांबून आला.

"एकदम बंद," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

"बंद असून एवढं? मग गोळी वाढवायला हवी."

अनोळखी माणसांसमोर मी सहसा तोंड उघडत नाही. शिवाय बोलले असते तर सकाळचा तो धूर गेला असता, खाडी गेली असती. बाबा कदाचित पुन्हा गप्प झाले असते. डॉक्टरांचं पेन कागदाला टेकलं.

"थांबा ना, डॉक्टर," मी म्हटलं. "मीठ बंद नाहीये. बाबा रोज खारा बांगडा खातात. मीच भाजून देते."