हाक न आलेला सौदा

मिरचीच्या धंद्यात मी जे शिकले, त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उठून जाणं. शेतकऱ्यानं भाव सांगितला की आपण आपला सांगायचा. तो नाही म्हणाला की पदर सावरून उठायचं आणि चालू लागायचं. घाई करायची नाही, चपला सावकाश घालायच्या. मागून हाक येतेच. "ओ बाई, या इकडे, घेऊन जा तुमच्या भावानं." या एका चालीवर मी डोक्यावरच्या टोपलीपासून स्वतःच्या गोदामापर्यंत आले. त्यात कोणाच्या बापाचा पैसा नाही. सासरचा तर नाहीच नाही.

सासरचा विषय निघाला म्हणून सांगते. आमचे मालक वडनेर भोलजीचा बाजार आटोपून मोटारसायकलवर परत येत होते. मागून एका पिकअपनं त्यांना उडवलं. पाठीचा मणका मोडला. त्यांना धड शुद्धही आली नव्हती, तेवढ्यात माझे थोरले दीर पिकअपवाल्याला घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात हजर झाले.

"केस-गिस करू नको," ते म्हणाले. "गाडीवाला माह्या पोरीच्या सासरचा हाये. खर्चापाण्याले देऊन राह्यला तो. आपसात मिटवून टाकू."

"कोणाच्या आपसात? सख्ख्या भावाचा मणका मोडला, अन तुमाले सोयऱ्याची गाडी दिसून राह्यली?"

"हळू बोल, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यले ते."

नर्स मला गप्प करायला आली, पण मी गप्प झाले नाही. दीरांनी तेव्हापासून आमच्या घरात पाय ठेवला नाही आणि मी बोलावलं नाही. पुढेही बोलावणार नाही. केस मात्र झाली.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, त्याबद्दल माझं काही गाऱ्हाणं नाही. पण ती योजना दवाखान्याच्या फाटकापर्यंत. खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. मालकांच्या कमरेखाली जोर राहिला नव्हता. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, हवेची गादी, चाकाची खुर्ची. शिवाय फिजिओथेरपीचे डॉक्टर घरी येऊन व्यायाम घ्यायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "व्यायाम चालू राहिला तर हे हातांच्या बळावर स्वतः खुर्चीत बसतील. मध्येच सोडलात तर खाटेवरच राहतील." मालक अंगानं दांडगे, मी त्यांच्या खांद्याएवढी. उचलून उचलून माझी कंबर गेली. मी घरी राहिले तर बाजार बंद, आणि बाजार बंद झाला तर डॉक्टर बंद. शेवटी दोन्ही बंद पडलं. पिकअपचा विमा होता. विमा कंपनीचे पैसे आले तरच मालक खाटेवरून उठणार होते, एवढी गोष्ट सरळ होती.

लोकअदालतीच्या दिवशी आमच्या वकिलांनी मला बजावलं, "काकू, आज तडजोड झाली तर पैसे लवकर येतील. नाही झाली तर तारखांवर तारखा. बोलायचं काम माझ्यावर सोडा."

टेबलापलीकडे न्यायाधीशबाई, अलीकडे आम्ही आणि कंपनीचे वकील. कंपनीच्या वकिलांनी एक आकडा सांगितला. दवाखाना धरला होता, मालकांची बुडालेली कमाई धरली होती. आमच्या वकिलांनी विचारलं, "आणि पुढची शुश्रूषा?"

"त्याला वेगळे पैसे कशाला? घरी बायको आहे की."

"बायको हाये म्हणजे काय फुकटात सापडली का तुमाले?" मी म्हणाले. आजूबाजूचे हसले. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मी उठले. राग खरा होता, पण त्या रागात हिशोबही होता. पदर सावरला, चपला सावकाश घातल्या आणि दाराकडे निघाले. दारापाशी पोचले तोच मागून शिपायाची आरोळी आली. जीव भांड्यात पडला. वळून पाहते तर तो पुढच्या केसवाल्यांना बोलावत होता.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी राहिले. वकील धावत आले.

"काकू, हे काय केलंत?"

"बोलावतील ना ते."

"कोण बोलावेल?"

"कंपनीवाला. त्याले सौदा करायचा नाही का?"

"त्याला कसली घाई? तुम्ही उठून गेलात, त्याचे पैसे तेवढे दिवस त्याच्याच खिशात राहिले."

बाजारात शेतकरी मला हाक मारतो, कारण मी गेले तर त्याची मिरची पडून राहते, काळी पडते. इथे पडून राहणारा माल माझ्याच घरात खाटेवर होता. चाल चुकीची नव्हती, असं मी आजही म्हणते. पण ती खेळायची जागा ही नव्हती.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी हाक न मारता मी परत गेले. पुढची केस संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"राग गेला का?"

"नाही जी. पण काम हाये."

"बसा. तुम्हाला नेमकं काय हवं, ते सांगा."

"एक माणूस पाहिजे, आमच्या मालकायले उचलणारा. मी उचलत बसली तर बाजार कोण करीन?" मग मी कंपनीच्या वकिलांकडे वळले. "साहेब, तुमी या आमच्या घरी एक दिवस. यायची कूस बदला, आंघोळ घाला, खुर्चीत बसवा. संध्याकाळी जे मजुरी मागसान ते मी देतो. मंग त्याच भावानं तुमी मले द्या."

या वेळी कोणी हसलं नाही. न्यायाधीशबाई त्या वकिलांना म्हणाल्या, "या कमावत्या बाई आहेत. यांनी घरी बसायचं, तर ते नुकसान कोण भरणार? माणूस ठेवायचा खर्च धरा." ते फोन घेऊन बाहेर गेले. परत आले ते नवा आकडा घेऊनच. मी लगेच व्यायामाच्या डॉक्टरांचा विषय काढला. ते पुन्हा फोनवर गेले. मी खुर्चीत जरा हलले, तशा बाई म्हणाल्या, "आता उठायचं नाही हं."

मी उठले नाही. सौदा जमला. आकडा इथे लिहीत नाही, भाऊबंदांत वाचणारे आहेत. बरीचशी रक्कम मालकांच्या नावानं बँकेत ठेव म्हणून राहिली, महिन्याला व्याज मिळेल अशी. आधी मला त्याचाही राग आला. मग लक्षात आलं की ठेवीतले पैसे कोणाला उसनेही मागता येत नाहीत. राग गेला.

एसटीत खिडकीपाशी बसले आणि अशी झोप लागली, की आमचा फाटा मागे राहिला. एरवी कंडक्टरशी कडाक्याचं भांडले असते. त्या दिवशी गुपचूप पुढचं तिकीट काढलं.

पैसे यायला वेळ लागला, पण आले. पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला गावातलाच एक जण ठेवला. त्याच्या पगाराची घासाघीस केली नाही. म्हणजे फारशी केली नाही. व्यायाम पुन्हा सुरू झाला. मालक दंडांवर जोर देऊन खाटेवरून खुर्चीत सरकायला शिकले. मग मी धामणगाव बढ्याच्या बाजारात पुन्हा मिरचीच्या दुकानाचं कापडी पाल लावलं. दुपारी घरी फोन केला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला, उचलला नाही. समोर गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्यांदा मालकांनी उचलला. मागे कपबशांचा आवाज होता.

"कुठं हाये तुमी?"

"हाटेलात. चाय प्याले आलो खुर्चीवर. काऊन?"

"सांगून जा लागत नाही काय? माह्या जिवाचं पाणी झालं इथं!"

"अवं, चिल्लावू नको, सारं हाटेल ऐकून राह्यलं. गिऱ्हाइकाकडं पाह्य."

फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला मिरची मागेल त्या भावानं देऊन टाकली.