एका प्रेक्षकाचं लाइव्ह

"किती लोक पाहतील?" मी विचारलं.

"एक," वानखेडे सर म्हणाले.

पुलगावात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नाचं लाइव्ह सांगायला येणारा माणूस सहसा पाचशे आकडा सांगतो आणि प्रत्यक्षात पाहणारे निघतात बारा, त्यातले चार मांडवातच बसलेले असतात. एक म्हणणारा हा पहिलाच. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. गमती करणारा माणूस नाही.

"धाकटीचं, प्राजक्ताचं लगन शीतलले दाखवाचं हाये," ते म्हणाले. "थोरली माही. तिकडं आखातात नर्स हाये, सुटी नाई भेटली. पोरींची आई गेली तवा प्राजक्ता सहावीत होती. तवापासून शीतलनंच तिचं सारं केलं. फीसुद्धा तिनंच भरली. आता प्राजक्ता म्हणते, ताई पाहीन तवाच मी हार घालतो, नाई तं नाई."

"मग मुहूर्त कितीचा?"

"आमच्यात कुठं मुहूर्त असते जी? पण शीतलले साडेबारा ते एक ब्रेक हाये. आपल्या टाइमानं. तेवढाच."

म्हणजे जन्मभर मुहूर्त न मानलेल्या माणसानं मुलीच्या लग्नाला अर्ध्या तासाचा पक्का मुहूर्त आणला होता. तो देणारी होती दवाखान्याची ड्यूटी.

मोबाइल स्टँडला लावून काम भागलं असतं, असं कोणीही म्हणेल. मीही पूर्वी तेच करायचो. मग एकदा ऐन मंगलाष्टकात त्याच मोबाइलवर माझ्या साडूचा फोन आला आणि लाइव्ह तिथेच थिजलं. तेव्हापासून मोबाइल नको. शिवाय शीतलला बहिणीचा चेहरा पाहायचा होता, मुंगीएवढी नवरी नाही. त्यासाठी माझा मोठा कॅमेराच हवा होता.

इथे एक अडचण असते. कॅमेऱ्यातून एचडीएमआय केबल निघते, लॅपटॉपलाही एचडीएमआयचं भोक असतं, म्हणून लोक दोन्ही जोडतात आणि काळ्या पडद्याकडे बघत बसतात. लॅपटॉपचं ते भोक चित्र बाहेर सोडायचं असतं, आत घ्यायचं नाही. चित्र आत घ्यायला मध्ये एक डबी लागते. तिला कॅप्चर कार्ड म्हणतात. एका बाजूनं कॅमेऱ्याची केबल, दुसऱ्या बाजूनं यूएसबी. मग लॅपटॉपला वाटतं, आपल्याला नवा वेबकॅम आला. रेकॉर्डिंग करा नाही तर व्हिडिओ कॉल लावा.

वर्ध्याच्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं अंगठ्याएवढी डबी पुढे केली. वर ठळक लिहिलेलं, 4K.

"हेच घ्या ना दादा. सारेच नेऊन राह्यले."

सारेच नेतात म्हटलं की मला आधी संशय येतो. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. 4K आत घेते, हे खरं. पण यूएसबी जुनी, दोन नंबरची. दार अरुंद असलं की मोठी गादी दाबून दाबूनच आत न्यावी लागते. चित्राचंही तसंच होतं. मी आणखी एक डबी पाहिली. धातूची, यूएसबी तीनची, आणि तिला आणखी एक जादा भोक. त्याला लूप-आउट म्हणतात. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये जातं आणि त्याच वेळी शेजारच्या टीव्हीवरही दिसतं. दोन्ही डब्या दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणल्या.

नवरीची साडी पांढरी असणार होती. पांढऱ्यावर पांढरं जरीकाम म्हणजे कुठल्याही डबीची परीक्षाच. अंगणात दोरीवर पांढरी चादर टाकली, तिच्यापुढे बायकोला खलबत्ता घेऊन ठेचा कुटायला बसवलं आणि कॅमेरा लावला. घाव दिसतो तेव्हाच आवाज यायला हवा, एवढं बघायचं होतं.

"अवो, किती कुटू? इतका ठेचा खाते कोण?"

"अर्धा तास कूट."

"अन् लोकं पाह्यतीन तं काय म्हणतीन? नवरा बायकोच्या ठेच्याची शूटिंग काऊन करून राह्यला?"

वीस मिनिटांत निकाल लागला. अंगठ्याएवढ्या डबीत चादरीच्या चुण्या पुसून गेल्या आणि ठक्‌ आधी, घाव मागून, असं होऊ लागलं. हात लावला तर चटका बसला. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतला लोखंडी खांबही चटका देतो, ही डबी मांडवात काय टिकणार? धातूची डबी कोमट राहिली, चुणीन्‌चुणी दिसली, घाव आणि आवाज बरोबर चालले. तीच घेतली. ठेचा आठवडाभर पुरला.

लग्न सिंदी मेघेच्या एका सभागृहात होतं. मी नऊलाच पोचलो. यूट्यूबवर दहा-पंधरा सेकंदांचा उशीर होतो, म्हणून एकट्या शीतलसाठी व्हिडिओ कॉलची लिंक केली. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन स्क्रीनवरचे बॅटरीचे आणि इतर आकडे बंद केले, नाही तर तेही नवरीच्या कपाळावर दिसतात. लूप-आउटला सभागृहाचा स्टेजशेजारचा मोठा टीव्ही जोडला. हेतू असा की मागच्यांना टीव्हीवर नीट दिसलं की ते उठून पुढे येणार नाहीत. या हेतूचा मला फार अभिमान होता.

वरात आर्वीची. वेळेत आली, पण दारात येऊन डीजेपुढे नाचू लागली. साडेबारा झाले. शीतल कॉलवर आली, निळ्या गणवेशात, हातात चहाचा कागदी कप. पावणेएकला सर स्वतः बाहेर गेले आणि जावयाच्या वडिलांपुढे हात जोडले. "भाऊ, नाचा ना, दिवसभर नाचा. पण पंधरा मिनिटं माह्या पोरीले द्या." त्या भल्या माणसानं डीजेची वायरच काढली.

नवरा-नवरी स्टेजवर आली. भन्तेजी बसले. मी लॅपटॉपकडे पाहिलं, तर समोर फक्त एक तपकिरी सफारी. मागच्यांनी टीव्ही पाहिला होता. टीव्हीवर त्यांना स्वतःलाच पाहता येत होतं. मग काय, जो तो कॅमेऱ्यापुढून एक फेरी मारायचा, टीव्हीकडे बघून केस सारखे करायचा. सगळ्यात पुढे सरांचे धाकटे भाऊ मनोहर. ते हलायलाच तयार नव्हते.

"काका, बाजूले व्हा ना."

"दिसून राह्यलो ना मी? झालं तं मग."

हेडफोनमध्ये शीतलचा आवाज आला. "दादा, मले नुसती मनोहरकाकाची पाठ दिसून राह्यली. दहा मिनिटं उरले." रडवेली झाली होती. स्टेजवर प्राजक्ता हार धरून माझ्याकडे बघत होती. डबी अगदी उत्तम चालली होती. पाठीची एकेक शिवण स्पष्ट दिसत होती.

मग सुचलं ते केलं. टीव्हीची केबल लूप-आउटमधून काढली आणि लॅपटॉपला लावली. काकांचं दर्शन बंद झालं आणि अख्ख्या टीव्हीभर शीतल आली. आवाजही टीव्हीतूनच.

"बोला ताई, आता सारं सभागृह तुमाले पाहून राह्यलं," मी म्हटलं. शीतल थोडी दचकली, मग वॉर्डात बोलते तशी बोलली. "मनोहरकाका, खाली बसा. संगीताकाकू, तुम्हीपण. मी चहा सोडून इथं उभी हावो, माह्या बहिणीचं लगन मले पाहू द्या जी."

काका बसले. त्यांच्यामागे साठ-सत्तर माणसं बसली.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. सगळे त्यांच्यामागे म्हणत होते. शीतलचा आवाज टीव्हीतून एक सेकंद उशिरा येत होता. पहिल्या ओळीला थोडा गोंधळ झाला. दुसऱ्या ओळीपासून भन्तेजी थांबू लागले. लोक म्हणायचे, मग टीव्हीतून ती म्हणायची, आणि तिचं झालं की पुढची ओळ. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्राजक्तानं टीव्हीकडे बघतच हार घातला. घातला तो थोडा तिरपा, नवऱ्याच्या एका कानावर अडकला. शीतल तिकडे मोठ्यानं हसली, मग सगळंच सभागृह हसलं. फुलांच्या पाकळ्या उडाल्या. सर चष्मा पुसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही कॅमेऱ्याआड तेच करत होतो.

एक वाजायला तीन मिनिटं असताना तिला कोणीतरी हाक मारली. "प्राजू, जेवून घेजो," एवढं म्हणून ती गेली.

आता आसपासची पोरं मला विचारतात, कोणतं कॅप्चर कार्ड घेऊ. मी सांगतो, यूएसबी तीन बघ, अंग धातूचं बघ, अर्धा तास चालवून आवाज तपास. एवढं केलंस तर मांडवातलं चित्र कुठेही नीट पोचेल. मांडवातल्या काकांना खाली बसवायचं मात्र कुठल्याच कार्डाला जमत नाही. त्याला घरातली थोरली पोरगी लागते.